माझ्या खोकल्याचं औषध

आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याने मला फसवलं. मुलानेही फसवलं, पण तो घरातला आहे, त्याचं मी घरात बघेन. मेडिकलवाला मात्र रोज हात वर करून 'शेठ, तब्येत कशी?' असं विचारायचा आणि माझ्याच नावावर माझ्या मुलाला बाटल्या द्यायचा.

भिवंडीत लूमवर आयुष्य काढलेला माणूस खोकतोच. सुताची बारीक धूळ घशात बसते ती बसतेच. गणेशपुरीकडून कामगार म्हणून आलो तेव्हापासून मी खोकतोय, स्वतःचे आठ लूम झाले तरी खोकतोय. घरातली औषधाची बाटली संपली की मुलाला पाठवायचो. एकदा दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. मी स्वतः गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं, की साध्या खोकल्याला डॉक्टरची फी भरायला लावायचे धंदे माझ्याशी करायचे नाहीत. त्यानंतर त्याने चिठ्ठी मागितली नाही. सौदा जिंकल्यासारखा मी घरी आलो.

मुलगा सव्वीसचा झाला. दिवसाची शिफ्ट तोच बघायचा. बोलणं संथ झालं होतं, डोळे जड दिसायचे. बायको म्हणायची, पोरगं दमतंय. मीही तेच म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणायची भीती वाटायची.

मग ती दुपार. कारखान्यात शिरलो तर तो चालू लूमवर वाकलेला. तुटलेला धागा जोडत असेल असं वाटलं. जवळ गेलो तर डोळे मिटलेले, आणि कपाळ धागा घेऊन पळणाऱ्या धोट्यापासून वीतभर लांब. हाक मारली नाही. दचकून पुढे गेला असता तर? उलटा भिंतीकडे धावलो आणि मेन स्विच पाडला. आठही लूम थांबले. त्या शांततेत मला त्याचा श्वास ऐकू येईना. इतकी वर्षं खडखडाटात गेलेले माझे कान. श्वासच नाही की मला ऐकू येत नाही, ते कळेना. शेवटी त्याच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला काही लागायला फार वेळ लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोकल्याच्या या औषधाची नशा चढते, जास्त घेतलं की श्वास मंदावतो, कधी थांबतो. किती घेतो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, घरात खोकल्यापुरतंच असतं. शुद्धीवर आलेला मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "रोजच्या चार, बाबा. तुमच्या नावावर."

आता तो घरी आहे, उपचार चालू आहेत. जेवून आडवा झाला की मी पेपर घेऊन दाराशी बसतो. त्याची छाती वर गेली की खाली येईपर्यंत माझी एक ओळ वाचून होत नाही. न्हाणीघरात पाणी जास्त वेळ पडत राहिलं की दार वाजवतो. तो आतून म्हणतो, "हाय बाबा, जिता हाय." थट्टेने म्हणतो. मला हसू येत नाही.

मेडिकलवाल्याकडे गेलो तेव्हा आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. तो शांतपणे म्हणाला, "चिठ्ठी नको, असं तुम्हीच बोलला होता ना, शेठ?"

बोललो होतो. ती माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही. पण रोज चार बाटल्या पिणारा बाप त्याच्या दुकानासमोरून ताठ चालत जातो, हे त्याला दिसत नव्हतं? परवा मुलगा त्या गल्लीतून येत होता, तर याने काउंटरवरून मानेने खूण करून त्याला बोलावलं. मुलगा तिथून धावत घरी आला. म्हणाला, "बाबा, आज आलो. उद्याचं माहीत न्हाय."

त्या उद्याची मला भीती वाटते. म्हणून मी सकाळी त्याच्या शटरसमोर उभा राहणार आहे. त्या चार बाटल्या कुणासाठी होत्या, आणि परवा त्याने माझ्या मुलाला कशासाठी बोलावलं, याचं उत्तर त्याने चारचौघांत, माझ्या तोंडावर द्यावं.