न धुतलेला पाटा

उत्खननात सापडलेल्या पाट्याच्या खळग्यात आमच्या पुरातत्त्वाच्या मॅडमनी थेंबभर पाणी सोडलं, ते नळीने ओढून काचपट्टीवर घेतलं आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितलं. पिठाचे कण दिसले, गोल, काचेसारखे. हजारो वर्षांपूर्वी कुण्या बाईने वाटलेल्या धान्याचे.

"पाटा कोणी नीट धुतला नाही, हे आपलं नशीब," मॅडम म्हणाल्या. मग वर्गातले सगळे त्या बाईविषयीच बोलू लागले. धान्य तिने भिजवलं असेल की भाजलं असेल, सोबत आलं-हळद वाटली असेल का.

सांगायला संकोच वाटतो, पण मला त्या बाईचा हेवा वाटला. माझी आई पाटा खसाखसा घासून धुते. तिचं वाटण झालं की दगडावर काही उरत नाही, आणि आज काय वाटलंस, असं तिला कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

संध्याकाळी मी तिला फोन केला. "आई, आज पाट्यावर काय वाटलंस?"

"का गं, मेसमध्ये जेवण नाही का मिळालं?"

"मिळालं. तू सांग ना."

"अगं, लसणाची चटणी. त्यात काय सांगायचं?"