बॅटरीची ताकद

दर रविवारी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात मोटरसायकलच्या बॅटरीची सेवा चालायची. माझा नवरा ती काढून वर्तमानपत्रावर ठेवायचा, झाकणं उघडायचा आणि आतली पातळी जरा उतरलेली दिसली की शेजारच्या दुर्ग शहरातल्या दुकानातून आणलेलं ॲसिड ओतायचा. जास्त ॲसिड म्हणजे जास्त ताकद, असा यांचा सिद्धांत. त्या ताकदीचे शिंतोडे उडून माझ्या तीन सुती साड्यांची चाळण झाली.

मी अमरावतीहून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. लग्न करून भिलाईला, यांच्या स्टील प्लांटच्या गावी आले आणि पदवी ट्रंकेत गेली. तरी हे बघून राहवत नसे.

"अहो, उडते ते पाणी. ॲसिड आतच राहते. तुम्ही कावून अजून ॲसिड टाकून राहिले? नुसतं डिस्टिल्ड पाणी टाका ना."

"प्लांटमधी खोलीएवढ्या मोटरी चालवून राहिलो मी, अन् तू मले बॅटरी शिकवते?"

पालथ्या घड्यावर पाणी! इथे तर पाणीसुद्धा नाही, ॲसिड. नवं ॲसिड पडलं की आठ-पंधरा दिवस हॉर्न कडाडायचा आणि हे माझ्याकडे जिंकल्यासारखे बघायचे. मग आतल्या पट्ट्या झिजायच्या, गाडी मुकी व्हायची आणि दोष दुकानदाराच्या माथी जायचा. पुन्हा नवी बॅटरी, पुन्हा तीच सेवा.

लग्नानंतर चार वर्षांनी दुर्गच्या एका शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. विज्ञान शिकवायला एक बाई हवी होती. एकच जागा, वेळ सकाळी साडेदहाची. ते पत्र मी दिवसातून दहा वेळा उघडून वाचायची. मी टेम्पोनं जाणार म्हटल्यावर यांचं बिनसलं.

"घरी गाडी असून माही बायको टेम्पोत धक्के खाईन? मी सुट्टी टाकली आहे."

मी ऐकलं. तिथेच चुकलं.

नेहरू नगरचं रेल्वे फाटक बंद होतं. "इंजिन बंद नका करू," मी मागून म्हणाले. यांनी पेट्रोल वाचवायला बंद केलंच. मालगाडी गेली, फाटक उघडलं, यांनी किल्ली फिरवली, तर लाल दिवा जेमतेम मिणमिणला आणि विझला. यांनी किका मारून मारून घाम गाळला. भिलाईच्या रस्त्यावर साधा माणूस भेटत नाही, सगळे प्लांटचे, म्हणजे सगळे तज्ज्ञ. भोवती घोळका जमला.

"भाई साहब, प्लग साफ करो."

"टंकी में कचरा होगा."

बॅटरीचं नाव एकाच्याही तोंडात नाही! मी स्टार्च केलेल्या साडीचा पदर खोचून दोनदा गाडीला धक्का दिला. समोरून दोन टेम्पो गेले. दोन्ही वेळा हे म्हणाले, "दोन मिनिटं थांब, होऊन राहिली." एवढ्या लोकांदेखत नवऱ्याला रस्त्यात टाकून कसं जायचं, म्हणून मी थांबले. यांच्यावरचा माझा राग कधीच निवला, पण त्या थांबण्याबद्दल स्वतःवर येतो तो आजही तसाच आहे.

शेवटी तिसऱ्या टेम्पोत बसले. शाळेत पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते. शिपाई खुर्च्या आत नेत होता. म्हणाला, "हो गया, मैडम. साहब लोग चले गए."

संध्याकाळी हे गाडी ढकलत घरी आले. मी काय झालं ते एका वाक्यात सांगितलं. त्यावर यांनी हात-पाय धुतले आणि हे न जेवता झोपले.

मग नवी बॅटरी आली. दोन-अडीच महिन्यांनी तिची पातळी उतरली, तेव्हा यांनी डिस्टिल्ड पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि खाली बघत विचारलं, "किती टाकू?"

मी सांगितलं. वरच्या रेघेपर्यंतच टाका, काठोकाठ नको, वाफेची नळी मोकळी ठेवा. एकेक वाक्य सावकाश, वर्गात सांगितलं असतं तसं. मी सांगेन तसं हे टाकत गेले. चार वर्षं वाट पाहून मला मिळाला तो एवढाच वर्ग. विद्यार्थी एकच, आणि त्याच्या चुकीपायी नापास झालेली मी.