मारामारी चालू आहे, काळजी नसावी

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आजवर जितकी माणसं मारली, तितकी एखाद्या नामचीन दरोडेखोरानेही मारली नसतील. गळे आवळले, बरगड्या मोडल्या, माणसं जिन्यावरून ढकलली, एका सावकाराला तर लागोपाठ दोन नाटकांत विहिरीत टाकलं. आणि ह्याच बाई घरात झुरळ दिसलं की त्याला कागदावर बसवून, "चला, चला, उशीर होतोय," करत गॅलरीत सोडून येतात. मी तेच झुरळ चपलेने जागच्या जागी निकालात काढते. त्यावरून आमच्यात चांगला आठवडाभर अबोला झालेला आहे.

जाऊबाई रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवतात. बोलणं नट-नट्यांचं, बाकी जे काही वाजतं, आपटतं, मोडतं, ते सगळं जाऊबाईंचं. ठोसा म्हणजे कोबीच्या गड्ड्यावर मूठ. थोबाडीत म्हणजे ओला टॉवेल लाकडी फळीवर. मनगट पिरगाळायचं तर फडक्यात गुंडाळलेलं कडक गाजर. सुरा खुपसायला कलिंगड लागतं, म्हणून आमच्याकडे भोसकाभोसकी उन्हाळ्यातच होते. कामावरून उरलेला माल अर्थातच घरी येतो. थोरले भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, ताटावर बसले की आधी विचारतात, "आज कोणाला मारलंत?"

"वकिलाला."

"मग भाजी मऊ असेल," म्हणून ते निमूट जेवायला लागतात.

भाऊजी दुकानांच्या पाट्या रंगवतात. रंगाच्या वासाने त्यांच्या छातीत कायमचा खोकला बसलाय. आवाज चिमणीएवढा आणि खोकला मात्र इंजिनासारखा. माझा नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी सकाळच्या शाळेत गणित शिकवते आणि लोक म्हणतात की राग माझ्या नाकावर असतो. असतो म्हणजे काय, राहायलाच आहे तो तिथे.

माणसाच्या स्वभावावर आमचे दोघींचे वाद रोज व्हायचे, तेही कोबी चिरता चिरता. माझं म्हणणं असं की काही माणसं दोन ठेवून दिल्याशिवाय सुधारतच नाहीत. जाऊबाई म्हणायच्या, "अगं धाकटे, माणसाला मार नको असतो, माराचा आवाज हवा असतो. मी जरा हळू वाजवलं की लगेच स्टुडिओच्या काचेपलीकडून खुणा सुरू, अजून जोरात, अजून जोरात! आणि खुणा करणारा कोण, तर साध्या भुर्जीसाठी अंडं फोडताना तोंड फिरवणारा माणूस." एकदा एका दिग्दर्शकाला खरेपणाचं खूळ लागलं. त्याने नायकाला खलनायकाच्या खरोखर थोबाडीत द्यायला लावली. आवाज काय आला, तर कोणी वही मिटावी तसा. खलनायकाचा गाल मात्र असा टम्म सुजला, की पुढचे तीन प्रवेश तो बिचारा बोबड्या धमक्या देत होता. शेवटी जाऊबाईंचा टॉवेलच वापरला.

"खऱ्या माराला आवाज नसतो गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तो चालू राहतो."

"तत्त्वज्ञान पुरे," मी म्हटलं, "कोबी बारीक चिरा."

दुपारी जेवणं आवरली की जाऊबाई मागच्या खोलीत सराव करायच्या. आम्ही ह्या घरात नवे होतो तेव्हा पहिल्याच दिवशी समोरच्या आजी दोन दांडगे बाप्ये घेऊन दार तोडायला आल्या होत्या. आत पाहतात तर जाऊबाई एकट्याच जमिनीवर बसून फळीला बदडतायत. मग भाऊजींनी एक पाटी रंगवली. अक्षरं अशी वळणदार की एखाद्या सोनाराने दुकानावर लावावीत, आणि कोपऱ्यात एक छोटं फूल. 'मारामारी चालू आहे, काळजी नसावी.' सराव सुरू झाला की पाटी दाराबाहेर लावायची, संपला की काढायची. पुढे सगळा मजला इतका सरावला, की धडाधड सुरू झालं की आजी घड्याळाकडे न बघता चहाचं आधण ठेवायच्या.

गेल्या वर्षी शेजारच्या घरात एक जोडपं राहायला आलं. त्याचं चष्म्याचं दुकान. मऊ बोलणारा, हसतमुख; जिन्यात भेटला की जाऊबाईंच्या हातातली कोबीची पिशवी आपणहून घ्यायचा आणि वर आणून द्यायचा. त्याची बायको घरीच कपडे शिवायची. दिसली तर मान हलवायची, बोलायची नाही. मला वाटलं, शिष्ट असेल. जाऊबाईंना वाटलं, लाजाळू असेल. दुपारी दुकान बंद ठेवून तो जेवायला घरी यायचा, आणि किती छान नवरा म्हणून आजी त्याचं कौतुक करायच्या.

त्या दुपारी मी ओट्याशी उभी होते. मागच्या खोलीतून आवाज आला. धप्प. मग काहीतरी घसरल्यासारखं. पुन्हा धप्प. एरवीसारखा टणटणीत फटका नव्हता, पण अंगावर काटा आला. मी ओरडून म्हटलं, "जाऊबाई, आज फार छान जमतंय हो! अगदी खरं वाटतंय!"

"काय जमतंय?" जाऊबाईंनी माझ्या मागून विचारलं. त्या आत्ता बाजारातून येऊन दारात उभ्या होत्या, दोन्ही हातांत पिशव्या.

पुन्हा तो आवाज आला. जाऊबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

"रेडिओ असेल शेजारी."

"रेडिओवर असलं तरी माझंच असतं."

मग त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. कालच्या सरावानंतर काढायची राहिलेली पाटी बाहेर डोलत होती. त्या पुढे काय बोलणार ते मला त्यांच्या तोंडावरच दिसलं. "धाकटे, तो शेजारचा माझ्या पाटीखाली बायकोला मारतोय. रोज. माझ्या सरावाच्या वेळेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओट्यावरचा बत्ता उचलला आणि निघाले. खरं सांगते, त्या क्षणी मला भयंकर आनंद झाला होता. इतकी वर्षं ज्याचं डोकं फोडावं असा माणूस शोधत होते, तो भिंतीपलीकडे सापडला होता. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. "तू जाशील, तो दार किलकिलं करून गोड हसेल, आणि दार लागलं की तुझाही राग तिच्यावर काढेल. आधी त्याचा हात थांबायला हवा. चल."

त्यांनी मला मागच्या खोलीत ओढलं. भाऊजी तिथे कोपऱ्यात पंख्याखाली घोरत होते. भिंतीपलीकडे काय चाललंय ह्याची त्यांना गंधवार्ता नव्हती. कारण त्यांना लग्न झाल्यापासून ठोशांच्या तालावर झोपायची सवय. जाऊबाईंनी त्यांना हलवलं. "अहो, उठा. खोका."

"आत्ता?"

"पोलिसासारखं खोका."

जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी तो खोकला मागितला होता. भाऊजींनी छाती भरून घेतली आणि असा खोकले, की माझ्या डोळ्यांसमोर खाकी कपड्यातला सहा फुटी माणूस उभा राहिला. जाऊबाईंनी माझ्या दोन्ही हातांत जडशीळ बूट अडकवले आणि मला फळीसमोर बसवलं. मी लागले धाडधाड वाजवायला. त्यांनी डोळे वटारून खूण केली आणि कुजबुजल्या, "हळू गं! अजून ते खालच्या मजल्यावर आहेत!"

मग मी हळूहळू जिना चढले. भाऊजी वळणावर थांबून खोकले. जाऊबाईंनी पत्र्याच्या डब्यात चुरचुरीत कागद चुरगाळून वायरलेसची खरखर काढली, दुसऱ्या हाताने साखळी खुळखुळवली, आणि मी वरच्या मजल्यावर पोचल्यावर आमच्याच कपाटाच्या दारावर दोन दणके असे घातले की आतले हँगर खाली पडले. हसू की रडू मला कळत नव्हतं. हातात बूट घालून, गुडघ्यावर बसून, मी एका बाईचा जीव वाचवायला निघाले होते, आणि शेजारी भाऊजी घामाघूम होऊन विचारत होते, "आणखी एक खोकू का?"

भिंतीपलीकडचं थांबलं.

शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला, तशा जाऊबाई आमच्या दाराशी धावल्या, मागोमाग मी, बूट टाकून, बत्ता घेऊन. बाहेर कोणीच नव्हतं. होती ती आमची पाटी. पाटी वाचून तो आमच्या उघड्या दाराशी आला, चष्मा पुसत, घामाचा थेंब नाही. "वा वहिनी! आज पोलीस का? मी घाबरलोच ना! चालू द्या, चालू द्या." आणि तसाच हसत घराकडे वळला.

तेव्हा मी जाऊबाईंचा हात वर जाताना पाहिला. उघडा पंजा, बरोबर त्याच्या गालाच्या रेषेत. आयुष्यभर ज्यांनी फळीशिवाय कशावर हात उगारला नाही, त्या बाई! मी मागून ओरडले, "हाणा!" जाऊबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, कोणा परक्याचा असावा तसं. मग तो खाली घेतला आणि पदराआड झाकून टाकला. दुसऱ्या हाताने त्यांनी पाटी काढली, त्याला ओलांडून पुढे गेल्या, आणि समोरच्या आजींचं दार ठोठावलं.

"आजी, बाहेर या! आमच्याकडे काही चालू नाही. माझं काम बंद आहे. जे ऐकू येतं ते ह्यांच्या घरातलं!"

मग पुढचं दार. मग वरच्या मजल्यावरची. जाऊबाईंना इतका मोठा आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं. दारं उघडत गेली. कोणी ओल्या केसांनी, कोणी हातात कप, एक जण अर्ध्या दाढीला साबण लावलेला. चष्मेवाला सगळ्यांना सांगत होता, "अहो, नाटक आहे ह्यांचं, नेहमीचंच." आजींनी त्याच्याकडे न बघता बोट ओठांवर ठेवलं. सगळा जिना गप्प झाला. आणि त्या शांततेत त्याच्या घरातून कण्हण्याचा बारीकसा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग मात्र त्याचं हसू उतरलं. घरात परत जायला त्याला वाटच राहिली नव्हती, कारण दारात आजी उभ्या होत्या आणि आजींच्या मागे मी, बत्त्यासकट. तो तसाच, पायात घरातल्या सपाता, खाली निघून गेला.

खरे पोलीस संध्याकाळी आले. त्यांच्या बुटांचा काडीचाही आवाज झाला नाही, एकाच्या पायात तर चपला होत्या. भाऊजी फार हिरमुसले. पण पोलिसांनी शेजारणीचं सगळं म्हणणं नीट लिहून घेतलं, चष्मेवाल्याला दुकानातून उचललं, आणि तिचा भाऊ सकाळी तिला न्यायला येणार असं ठरलं. तोवर तिने आमच्याकडेच राहायचं होतं.

ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, एक हात बरगडीला धरून. डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला होता. आम्ही तिघं मात्र नुसते उधळलो होतो. मी पुन्हा जिना चढून दाखवला. भाऊजी आग्रहाखातर आणखी एकदा खोकले. जाऊबाई मला म्हणाल्या, "हात वर गेला ना, तेव्हा किती बरं वाटलं माहीत आहे? इतकं बरं मला कशानेच वाटलं नव्हतं. तुझ्यात आणि माझ्यात काही फरक नाही गं, धाकटे." मी म्हटलं, "आहे ना. मी हाणला असता." आणि आम्ही पुन्हा खिदळलो. त्या बाईला काय वाटत असेल ह्याचं भान आम्हाला राहिलं नव्हतं. किती दिवसांनी घरात इतकी मजा आली होती.

"मला वाटायचं, तुम्हालाही मारतात," ती जाऊबाईंना म्हणाली.

आमचं हसणं अर्ध्यावर राहिलं.

"ते म्हणायचे, पाटीबिटी लोकांना दाखवायला असते, सगळ्या घरांत हेच चालतं. आणि भिंतीतून ऐकू यायचंच ना. ते दुकानात गेले की मी भिंतीला हात लावून बसायचे. तुमची फार कीव यायची मला. केवढं मारतात हिला, आणि ही एकदाही रडत नाही. मी मनाशी म्हणायचे, तिकडचीला जमतं तर आपल्यालाही जमायला हवं."

जाऊबाई उठून तिच्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "अगं बाई, रडायचं काम माझ्याकडे नव्हतं गं. ते नटीकडे असतं."

ती जाऊबाईंकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग अंग हलवून, मग थांबवता न येणारं. हसताना बरगडी दुखत होती म्हणून तिने ती दोन्ही हातांनी दाबून धरली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, "आई गं, आई गं," म्हणत ती हसतच राहिली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्यापैकी कोणालाच हसू येईना, आम्ही नुसते ऐकत बसलो.