आभाळातल्या दगडाची आत्या

गेल्या महिन्यात आमच्या आक्का गेल्या. डोणगावात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. सकाळी त्यांनी डोळे मिटले आणि बघता बघता ओटा माणसांनी भरला. जो येईल त्याच्या तोंडी एकच, "बिचारी! ऐन उमेदीत नवरा गेला, लेकरू ना बाळ, भावाच्या घरी जन्म काढला..." एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं. मग माझं डोकंच फिरलं. एका पाहुणीला तोंडावर विचारलं, "बिचारी काऊन म्हणता वो? तुमच्या सात पिढ्यांत कोणी आभाळातल्या दगडाचं नाव ठेवलं काय?" तिला वाटलं, दुःखानं हिचं काहीतरी बिनसलं. तिनं मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि तेव्हाच ठरवलं, हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं.

आक्का म्हणजे शकुंतला, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माझ्या लग्नात त्या मिरवल्या आणि पुढच्याच वर्षी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून त्यांचा नवरा गेला. त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. आमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून वाजायचं. माझ्या वरणाला त्या "विहिरीचं पाणी" म्हणायच्या आणि मी त्यांच्या ठेच्याला "दवाखान्याचा रस्ता" म्हणायचे. पण वांग्याचा मळा त्यांनी एकटीनं उभा केला. भल्या सकाळी वांग्यांच्या गोण्या बांधून मेहकरच्या बाजारात त्या अशा बसायच्या की मापात कोणी त्यांना फसवायला धजायचं नाही. रडताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. एकदा पाहिलं ते माझ्या लेकीच्या बारशाला.

आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. पल्लवीला सख्खी आत्या एकच, पण विधवा बाईनं पाळण्याजवळ जायचं नाही अशी रीत. सासूबाई काही वाईट नव्हत्या, पण रीतीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. दुसरबीडहून चुलत नणंद बोलावली आणि तिनं नाव ठेवलं. आक्का दिवसभर चुलीपाशी घुगऱ्या शिजवत बसल्या. मी बाळंतीण, उठता येईना, पण दारातून दिसत होत्या. पदरानं डोळे पुसत होत्या आणि कोणी पाहिलं की धुराला शिव्या देत होत्या. मला त्या दिवशी इतका राग आला की पुढे वर्षानुवर्षं मी ही गोष्ट सांगत राहिले... पल्लवीला तर इतक्यांदा सांगितली की ती कान झाकून घ्यायची.

झाकलेल्या कानांनी पोरीनं सगळं ऐकलं होतं. ती शिकली, परदेशातल्या एका वेधशाळेत लागली. मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यांना लघुग्रह म्हणतात. ते शोधायचं तिचं काम. एकाच आभाळाचे पाठोपाठ फोटो काढायचे आणि चांदण्या जागच्या जागी असताना कोणता ठिपका सरकला ते पाहायचं. तसा एक नवा ठिपका तिला सापडला. लगेच नाव मिळत नाही. आधी नुसती अक्षरं आणि आकडे. "म्हंजे दवाखान्यात लेकराच्या हाताले चिठ्ठी बांधतेत तसं," आक्का म्हणाल्या. अगदी तसंच. मग पुष्कळ वर्षं त्याची वाट नीट मोजतात, तो हरवणार नाही अशी खात्री पटली की त्याला पक्का क्रमांक मिळतो आणि मग ज्यानं शोधला त्याला नाव सुचवता येतं.

तो क्रमांक मिळाला त्या दिवशी पल्लवीचा फोन आला. व्हिडिओवर. माझ्याशी दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "आई, फोन आत्याला दे." आक्का लसूण सोलत होत्या.

"आत्या, त्याचं नाव तू ठेवायचं. आत्याचाच मान असतो ना?"

आक्कांनी सोललेली पाकळी ताटात टाकली. मग म्हणाल्या, "काऊन गंमत करून राह्यली वो पोरी मायी?"

"गंमत नाही. माझ्यासाठी तो लेकरासारखा आहे, आणि मला तुझ्याच हातून पाहिजे."

आक्का उठून अंगणात गेल्या. नळ सोडून तोंड धुतलं, परत आल्या आणि एकदम कामाचं बोलल्या, "किती वाजता दिसला तो? रास काढा लागते."

मी हसून हसून बेजार! पण बाई हट्टाला पेटल्या. दिसल्याची तारीख, आपल्याकडची वेळ, सगळं घेऊन गुरुजींकडे गेल्या. गुरुजींनी पंचांग उघडत विचारलं, "मुलगा की मुलगी?" आक्का म्हणाल्या, "दगड हाय, गुरुजी." त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि बिचाऱ्यांनी मुकाट्यानं रास काढली. मिथुन. अक्षरं क, छ, घ.

गावाला कळायचं ते कळलंच. जो तो नावं घेऊन हजर. एका पुढाऱ्याचा माणूस तर साहेबांच्या वडिलांचं नाव घेऊन आला. पल्लवीनं फोनवर नियम सांगितले. नाव सोळा अक्षरांच्या आत, होता होईतो एकाच शब्दाचं, शोधणाऱ्यानं स्वतःचं द्यायचं नाही, जाहिरातीचं चालत नाही, आणि राजकारणातल्या माणसाचं नाव तो जाऊन शंभर वर्षं झाल्याशिवाय नाही. आक्का खूश झाल्या. त्या माणसाला म्हणाल्या, "साहेबाले सांगा, शंभर वर्सं थांबा म्हणा. आमाले घाई नाही." मग आक्कांनीच विचारलं, कोणाकोणाची नावं आहेत वर? पल्लवी म्हणाली, "पहिल्यांदा देवींची दिली. देवी संपल्या, मग माणसं सुरू झाली. शास्त्रज्ञ, मास्तर, गावं, नद्या, कोणाची बायको, कोणाची आई..."

त्या दिवशी आक्का जेवून उठल्या. हात धुऊन आल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कौतिका."

हातातलं ताट मी खाली ठेवलं. हे माझं नाव. संग्रामपूरकडचं माझं माहेर, तिथं माझ्या आत्यानं पाळण्यात ठेवलेलं. लग्नात सासरच्यांना ते गावठी वाटलं. ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं आणि मी सुनंदा झाले. आईबाप गेल्यावर कौतिका म्हणणारंही कोणी उरलं नाही.

"आक्का, काहीतरीच काय! लोक काय म्हणतील? तुमचं नाव सुचवू ना..."

"माह्यं मले हायच की. तुहंच नेलं आम्ही. तवा तांदळाचं ताट धरून मीच उभी होती. मले कौतिकाच आवडलं होतं, पण मले कोन पुसते?" आणि लगेच आवाज चढवून, "अन् तू मधात बोलू नको. आत्या मी हाय!"

नाव गेलं. नावं ठरवणारी जगभरच्या शास्त्रज्ञांची एक समिती असते, ती बघते, मत देते. तोपर्यंत नाव बाहेर फोडायचं नाही असा तिकडचा नियम, आणि बारशाआधी नाव उच्चारायचं नाही ही आमची रीत. दोन्ही आक्कांना बरोबर जमलं. पण मधेच त्यांच्या छातीत पाणी झालं. बुलढाण्याला दवाखाना झाला, घरी आणलं, खाट बैठकीत टाकली. त्यांना मरणाची भीती नव्हती. एकच विचारायच्या, "आलं काय वो?" ते नाव पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघावं, एवढीच त्यांची आस होती. मी पल्लवीवर चिडायचे, "सांग की त्या समितीला, माणूस थांबत नाही म्हणून!" ती रडकुंडीला येऊन म्हणायची, "आई, तिथं कोणाचा वशिला चालत नाही."

आणि आलं! एका सकाळी पल्लवीनं फोन केला, तो ठिपका दाखवला आणि नावासोबत छापलेला मजकूर, नाव तेवढं गाळून, मराठीत वाचला: हे शोधकर्तीच्या आईचं जन्मनाव. हे नाव शोधकर्तीच्या आत्या शकुंतला यांनी ठेवलं. जगातले शास्त्रज्ञ वाचतात तिथं हे छापलंय, बरं का! आळीतल्या बायका जमल्या. आक्कांना उशीला टेकवून बसवलं. फोन हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा केला.

"याले कान कुठी हाय?"

"कुठंही बोल, आत्या. ऐकतोय तो."

आक्कांनी फोन तोंडाशी धरला, "कुर्रर्र..." केलं आणि धाप लागत असताना माझं नाव घेतलं. आत्यानं कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. पण खाटेवरच्या बाईला मारणार कोण? सगळ्या मागं सरल्या. मीच पुढं झाले आणि हळूच हात टेकवला. पाठ नुसती हाडं.

आक्का मान वळवून केवढ्यानं खेकसल्या, "अवं कौतिके, जोरात मार ना! पयलं बारसं हाय माह्यं."

मारला मी. जोरात मारला. मग सगळ्याच पुढं झाल्या आणि आक्का खोकत, हसत मार खात राहिल्या.

त्यानंतर थोडेच दिवस त्या होत्या, पण मला सुनंदा म्हणून त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. आता बैठकीतली खाट उचलली आहे. माणसं येतात, हळहळतात, जातात. मी भाकरी थापायला बसते. पिठावर हात पडला की ती हाडाची पाठ हाताला लागते आणि थाप आपोआप हलकी होते... मग मी पदरानं डोळे पुसते आणि जोरात थापते.