कडुलिंबवाले काका

माझ्या पोरीचा श्वास अडकला, ओठ निळे पडायला लागले, आणि तिचा दम्याचा पंप घरी. तो घरी ठेवायला काकांनीच सांगितलं होतं.

हे काका आमच्या गोरवा भागातल्या बागेत रोज सकाळी कडुलिंबाला मिठी मारून उभे असतात आणि कुणी खोकलं की लगेच जवळ बोलावतात. "अगं बेटा, दवा फेक. नंदेसरीच्या कारखान्यांचा धूरसुद्धा हे झाड छातीतनं ओढून काढतं." छातीतलं काय ओढतं देव जाणे, काकांची बडबड काही ओढत नाही.

त्या दिवशी त्याच बागेत मी पोरीला उराशी धरून रडत होते. काकांनी इकडंतिकडं बघितलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातनं पंप काढला. त्यांचा स्वतःचा. पोरीच्या तोंडाला लावून दाबला. थोड्या वेळानं ती रडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"कोणाला बोलू नको हां बेटा," काका हळूच म्हणाले. मी मान हलवली.

आज सकाळी ते दुसऱ्या एका आईला सांगत होते, मुलाची दवा फेक म्हणून. माझी पोर त्यांनीच वाचवली, आणि मी शब्द देऊन बसलेय. तुम्ही असता तर काय केलं असतं?