मिस डोरांचा अर्ज

ही गोष्ट मी आजवर कोणापाशी उच्चारली नाही — पत्नीपाशीही नाही. आपणांस मित्र समजून सांगतो.

आखातातील फुजैरा येथे बंदराच्या रस्त्यालगत मी चोवीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंतच, तथापि अरबी, इंग्रजी व हिंदी या तिन्ही भाषांतील माझा मसुदा सहसा परत येत नाही. आमच्या धंद्याचा नियम आहे — अर्ज रडला पाहिजे. वाचणाऱ्यास दया आली की सही होते. हा नियम मी अनेकांना शिकवला. अभिमानाने शिकवला — ते का लपवू?

मिस डोरा इंग्लंडच्या गायिका, वय अठ्ठ्याहत्तर. तिकडे पूर्वी गाण्यांची व नकलांची थिएटरे असत. गायिकेने कडवे म्हणायचे, धृपद प्रेक्षकांनी उचलायचे. अशा एका थिएटरात त्या नवव्या वर्षी आईसोबत उभ्या राहिल्या — पुरुषी कोट, उंच हॅट. पुढे ती थिएटरे बंद पडली. मग समुद्रकाठची गावे, मग प्रवासी जहाजे, आणि शेवटी आमच्या येथील एक हॉटेल. वीस वर्षे दर शुक्रवारी दुपारच्या चहाला त्या गात. नव्या मॅनेजरने ते बंद करून रेकॉर्ड लावली.

म्हणून त्या माझ्याकडे आल्या. हॉटेलच्या अरबी मालकांना अर्ज करायचा होता — पगार नको, फक्त आठवड्यातील ती एक दुपार परत द्या. दोन तास त्यांनी आयुष्य सांगितले. मी मान हलवत होतो. ऐकत होतो का? खुर्चीत बसूनच त्यांनी दोन ओळी गाऊन दाखवल्या, तेव्हा व्हिसाच्या कागदांसाठी थांबलेला पठाण ड्रायव्हर चक्क टाळ्या वाजवू लागला.

"रोना नहीं, प्रोफेसर," त्यांनी बजावले. मला त्या चेष्टेने प्रोफेसर म्हणत. मी ते खरे धरून बसलो होतो. "लिखो, डोरा अभी गाती है. यल्ला, जल्दी!"

मी काय लिहिले? वृद्ध. निराधार. आजारी. आणि — आवाज गेलेली. अरबी त्यांना वाचता येत नव्हते. विश्वासाने सही केली.

मालक दयाळू निघाले. अशा बाईस गायला लावणे पाप, आता तिने मायदेशी विश्रांती घ्यावी, असे म्हणून त्यांनी विमानाचे तिकीट व पुष्पगुच्छ पाठवला. मिस डोरांचा व्हिसा हॉटेलच्याच नावावरचा. जाणे भाग होते.

निघण्यापूर्वी त्या दुकानात आल्या. रागावल्या नव्हत्या.

"मेरा सब लिखा था ना? माँ का, कोट का?"

"सब, मॅडम."

"पढ़ के भी मालिक ने ना बोला?"

खरे सांगितले असते, तर त्या थेट मालकांपुढे जाऊन गाऊ शकल्या असत्या. अजून तीन दिवस हातात होते. परंतु माझा मसुदा चुकला, हे मी कोणापुढे कबूल करायचे — एका गाणाऱ्या बाईपुढे?

"पढ़ के भी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, माझा हात हातात घेतला, मेहनतीबद्दल आभार मानले. "खलास, प्रोफेसर," म्हणाल्या आणि गेल्या.

आपले सारे आयुष्य मालकांसमोर ठेवले, आणि ते एका दुपारच्याही मोलाचे ठरले नाही — हे मनात घेऊन त्या गेल्या. ते आयुष्य मालकांनी कधी वाचलेच नाही. मी त्यातली एक ओळही लिहिली नव्हती.