लख्ख घासलेला तवा

जानेफळच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मला जगातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. खोलीवर हातानं रांधून खायचो. तवा शेजारच्या सुनेकडून उसना आणायचो. बिडाचा, जाड, काळा कुळकुळीत. तिच्या सासूच्या वेळचा. तिच्या सासऱ्यांना दात नव्हते, डोळ्यांत मोतीबिंदू. भाकर चावत नसे म्हणून रोज संध्याकाळी त्याच तव्यावरची मऊ धिरडी खायचे.

उसनी वस्तू घेतली त्याहून स्वच्छ करून परत द्यावी, अशी आईची शिकवण. आमच्या घरी भांडी पितळेची. एका रविवारी मी विटेचा चुरा अन् चिंच घेऊन त्या तव्याशी दोन तास झुंजलो. तो पांढरा पडला तेव्हाच थांबलो. देताना वर ऐट केली, "बघा वहिनी, केवढा मळ बसला होता!"

ती तव्याकडे बघतच राहिली. "हाव, गुरुजी," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून म्हाताऱ्याचा आवाज. "काऊन वं, धिरड्याच्या चिंध्या काऊन केल्या? हात मोडला का तुया?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिचं माहेरही निघालं.

चौथ्या दिवशी मी तिला विचारलं.

"बिडाले असं घासत नसतेत, गुरुजी. तेल पिऊन पिऊन ते काळं होते. आता पीठ सुटतच नाही त्याच्यावरून."

"मग मी घासला म्हणून सांगायचं ना!"

"मास्तराचं नाव कसं सांगू? साऱ्या गल्लीत बोभाटा करतीन ते."

म्हटलं, मीच सांगतो. गेलो. म्हातारबांनी खाटेवर जागा दिली. "या गुरुजी! तुमी शिकलेले. तुमीच सांगा, चूक कोनाची?"

ती चुलीपाशी पाठमोरी बसलेली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पीठ पातळ झालं असेल."

पोरांना खरं बोलण्यावर निबंध घालणारा मी! तिच्या हातातलं उलथणं क्षणभर थांबलं, पुन्हा खरडू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी जाऊन उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. म्हातारा बोळकं पसरून हसला. "मले दात नाहीत गुरुजी, अन् तुमाले..." पुढचं त्यांनी आदरापोटी गिळलं. "जाऊ द्या, तवाच तो!"

मी सुटलो. चार दिवस जिनं बोलणी खाल्ली तिला सासऱ्यानं 'चुकलं माझं' असं म्हटलं नाही, आणि मीसुद्धा शाळेच्या घंटेचं निमित्त करून, तिच्याकडे न बघता सटकलो.

दोनेक महिन्यांनी तवा पुन्हा काळा झाला. मी मागायला गेलो की ती हसून ताटलीत दोन गरम धिरडी घालून द्यायची. तवा काही तिनं पुन्हा माझ्या हाती दिला नाही. धिरडी मी खाली मान घालून खायचो.